आभासी शस्त्रक्रिया आणि बोटांची साक्ष

सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील नवव्या अध्यायात शिष्याने हात कशावर बसवावा, हे सांगितले आहे. छेदनासाठी कोहळा, दुध्या भोपळा, काकडी. भेदनासाठी पाणी व चिखल भरलेली कातडी पखाल. वेधनासाठी मृत जनावराच्या शिरा आणि कमळाचे देठ. सीवनासाठी जाड-पातळ वस्त्रांच्या कडा. यांतील बहुतेक वस्तू मानवी देहासारख्या दिसत नाहीत. त्यांची निवड डोळ्यांनी नव्हे, हाताने केलेली आहे.

संगणकाच्या साहाय्याने दुर्बिणीची शस्त्रक्रिया शिकविताना हाच प्रश्न पुन्हा उभा राहतो. २००२ साली येल विद्यापीठातील एक अभ्यास प्रसिद्ध झाला. सोळा निवासी शल्यचिकित्सकांपैकी निम्म्यांना 'मिस्ट व्हीआर' या यंत्रावर सराव दिला गेला. नंतर प्रत्यक्ष रुग्णाचे पित्ताशय यकृतापासून सोडविताना ते २९ टक्के अधिक जलद ठरले. उलट, सराव न मिळालेल्यांकडून पित्ताशयाला इजा होण्याची किंवा भलतीच ऊती जळण्याची शक्यता पाचपट आढळली. मौज अशी, की त्या यंत्राच्या पडद्यावर यकृत नव्हते, रक्तही नव्हते. होत्या केवळ गोल व चौकोनी आकृत्या. हातालाही कसलाच प्रतिरोध जाणवत नसे. हात डावीकडे नेला की उपकरणाचे टोक उजवीकडे जाते, आणि सपाट पडद्यावरून खोली ओळखावी लागते, एवढे अंगवळणी पडणे पुरेसे ठरले.

मग स्पर्श अनावश्यक मानावा काय? तसे मानणे घातक ठरेल. सुजलेले पित्ताशय किती ताणले असता फाटेल, गाठ कुठवर आवळावी, हे वरील सरावात येतच नाही. अनुभवी डोळा ऊतीचा फिकेपणा व ताण पाहून बळाचा अंदाज करतो. 'दा विंची' यंत्रमानवाला अमेरिकेत २००० साली मान्यता मिळाली. बळाची जाणीव देणारी उपकरणे त्यात आली ती २०२४ साली, पाचव्या पिढीत. मधला सारा काळ शल्यचिकित्सकांनी डोळ्यांवरच भागविले. परंतु नवशिक्याचा डोळा अजून तयार झालेला नसतो.

अडचण गणिताची आहे. डोळ्यांना सेकंदाला तीसेक चित्रे पुरतात. स्पर्शाला मात्र सुमारे हजार वेळा बळ मोजून द्यावे लागते, नाहीतर कठीण पृष्ठभागही थरथरल्यासारखा वाटतो. इतक्या अल्प वेळात मऊ ऊतीचे वाकणे, ताणणे आणि विशेषतः कापले जाणे मोजणे अवघड. म्हणून गणित सोपे करून घेतले जाते. त्यातच प्रत्यक्ष शस्त्रक्रियेत ट्रोकारचे घर्षण हाताला फसवीत असते, ते यंत्रात बहुधा नीट उतरत नाही. माझ्या मते खोटा स्पर्श हा स्पर्शाच्या अभावापेक्षा वाईट, कारण हाताला लागलेले चुकीचे वळण सुटता सुटत नाही. साध्या खोक्यात खरी सुई व खरा धागा वापरून केलेल्या सरावात निदान हा दोष नाही.

महागडे यंत्र घेण्यापूर्वी संस्थेने एक करावे. पडदा झाकून एखाद्या मुरलेल्या शल्यचिकित्सकाच्या हाती त्याची उपकरणे द्यावीत आणि निरोगी पित्ताशय कोणते, सुजलेले कोणते, हे केवळ ओढून ओळखावयास सांगावे.