वाटणी झाली, जोडणी राहिली

सोयाबीन फुलावर येतं त्या सुमारास आमच्या वाशीम जिल्ह्यात बऱ्याच घरी कुणाचा ना कुणाचा इंजिनीअरिंगला नंबर लागलेला असतो. मग बैठकीत चर्चा चालते ती ब्रँच कोणती, कॉलेज कोणतं, खोली करून राहायचं की रोज एसटीनं जायचं याची. चार वर्षं कुणाबरोबर आणि कसं काम करायचं, हा विषय काही निघत नाही. मी आता पुण्यात नोकरीला आहे. गावी आलो की ओळखीतली मुलंमुली "दादा, कोणता कोर्स करू?" म्हणून येतात. कोर्सचं सांगण्याआधी मी त्यांना आमच्या शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टची गोष्ट सांगतो.

चौघांचा ग्रुप. विषय जिल्ह्याला शोभेल असाच: जमीन सुकली की आपोआप सुरू होणारं ठिबक. पहिल्या बैठकीत चहा येईस्तोवर वाटणी उरकली. मातीतली ओल मोजणारा सेन्सर माझ्याकडे, प्रोग्राम दुसऱ्याकडे, रिले आणि मोटर तिसऱ्याकडे, रिपोर्ट आणि पीपीटी चौथीकडे. वाटणी इतकी चोख की पुढे एकत्र बसायचं कारणच उरलं नाही. सगळं जोडलं ते सबमिशनच्या तोंडावर, आणि गंमत म्हणजे चाललं. कोरड्या मातीत सेन्सर खुपसला की मोटर सुरू, कुंडीत पाणी ओतलं की बंद. आम्ही खुशीत.

ते चालत होतं कसं, हे नंतर कळलं. आमचा सेन्सर साधा, दोन टोकांचा. माती कोरडी असली की तो मोठा आकडा देतो. प्रोग्राम लिहिणाऱ्यानं धरलं होतं की मोठा आकडा म्हणजे जास्त ओल. तिकडे बाजारात मिळणारी रिलेची तयार मॉड्यूल बरीचशी उलट्या हुकमाची असतात: सिग्नल 'लो' दिला की चालू, 'हाय' दिला की बंद. प्रोग्राममध्ये मात्र 'हाय' म्हणजे चालू. दोन ठिकाणी उलटं होतं आणि दोन्ही मिळून सुलटं झालं होतं! व्हायव्हाच्या आदल्या रात्री प्रोग्रामवाल्याच्या लक्षात रिलेचा प्रकार आला. त्यानं प्रोग्राममधला तेवढा हुकूम नीट दुरुस्त केला आणि झोपला. कुणाला सांगितलं नाही. सांगायचं काय, बिघडवलं थोडंच होतं?

दुसऱ्या दिवशी बाहेरून आलेल्या परीक्षकांसमोर चिखल झालेल्या कुंडीत मोटर पाणी ओततच राहिली, आणि कोरड्या मातीत गप्प. "माह्यं बराबर हाय, त्याचं चुकलं असन," हे आळीपाळीनं सगळ्यांच्या तोंडून निघालं. खरं तर ज्याच्या त्याच्यापुरतं ते बरोबरच होतं. परीक्षकांनी रिपोर्ट उघडला. एका पानावर सेन्सरचं वागणं मैत्रिणीनं अगदी बरोबर लिहिलेलं होतं, मलाच विचारून. ते पान बाकी कुणी वाचलेलं नव्हतं.

हे एवढ्या तपशिलात सांगतो, कारण कॉलेजात टीमवर्क म्हणून जे चालतं ते बहुतेक वेळा नुसती वाटणी असते. 'तू हे कर, मी ते करतो' यात टीम येत नाही. तुझ्या कामाचं टोक माझ्या कामाला जिथं लागतं, त्या सांध्याचा धनी कोण, हे ठरलं की टीम सुरू होते. आता मी सांगतो ते असं: पहिल्या दिवशी चौघांनी मिळून एकच पान लिहावं. तुझ्याकडून माझ्याकडे काय येणार, कोणत्या एककात, किती ते किती, आणि मोठा आकडा म्हणजे काय समजायचं. मग पहिल्याच आठवड्यात सगळं जोडून टाकावं, खोटं का होईना. सेन्सर आला नसेल तर त्याच्या जागी फिरवायचं बटण लावा, मोटर नसेल तर एक एलईडी. कच्चं जोडलेलं दर आठवड्याला थोडं पक्कं होत जातं; सुटं सुटं पक्कं केलेलं ऐनवेळी जुळेलच असं नाही. आणि शेवटच्या रात्री कुणी काही सुधारलं, तर त्याच रात्री सगळ्यांना उठवून सांगावं. झोपमोड परवडते.

अर्थात हे सगळं शेवटच्या वर्षी एकदम अंगी येत नाही. अभ्यासक्रमांना मान्यता देणाऱ्या एनबीएनं पदवीच्या बारा फलितांत व्यक्ती म्हणून आणि गटात काम करता येणं हे वेगळं फलित म्हणून धरलं होतं. भारत 2014 साली 'वॉशिंग्टन अ‍ॅकॉर्ड' या इंजिनीअरिंग पदव्यांच्या आंतरराष्ट्रीय कराराचा पूर्ण सदस्य झाला, तेव्हापासून कॉलेजांत या फलितांचे तक्ते भरले जातात. तक्त्यात खूण झाली म्हणजे विद्यार्थ्याला ते आलं, असं मात्र समजू नका. ते प्रॅक्टिकलच्या बॅचमध्ये येतं, पहिल्या वर्षापासून.

बॅच पडते रोल नंबरनं, म्हणजे सोबती आपण निवडलेले नसतात. पुढे कंपनीतही ते निवडता येत नाहीत, म्हणून मला ही पद्धत बरी वाटते. मात्र बॅचमध्ये जागा फार लवकर गोठतात. सिव्हिलवाल्यांचं सर्व्हेचं प्रॅक्टिकल आठवा. एकाचा डोळा लेव्हलच्या दुर्बिणीला, एकाच्या हातात स्टाफ, एकाकडे वही. ज्याच्या हातात पहिल्या दिवशी स्टाफ आला, तो सेमिस्टरभर उन्हात स्टाफच धरून उभा राहतो. आणि वही? ती बहुतेक मुलीकडे जाते, "तुझं अक्षर चांगलं आहे" म्हणून. ज्या मुलीला चार वर्षांत उपकरणाला हात लावू दिला नाही, तिला मुलाखतीत उपकरणावरचे प्रश्न विचारले जातात तेव्हा अक्षर कामाला येत नाही. दर प्रॅक्टिकलला जागा बदला. सर सांगणार नाहीत, तुम्हीच ठरवा. मुलींनीही वही पुढे आली की ती दुसऱ्याच्या हाती द्यावी. तेवढा आगाऊपणा हवाच.

सांधा सांभाळून काम कसं होतं, हे मी पुस्तकात नाही, आमच्याच जिल्ह्यात पाहिलं. 2017 च्या उन्हाळ्यात पानी फाउंडेशनच्या वॉटर कप स्पर्धेत राज्यातले 30 तालुके होते, त्यात आपला कारंजा. 45 दिवसांची स्पर्धा, श्रमदानानं बांधबंदिस्ती आणि समतल चर. चरांची रेघ आखायला गावकरी हायड्रोमार्कर वापरत: मोजपट्टी असलेल्या दोन काठ्या आणि त्यांना जोडणारी पाण्यानं भरलेली पारदर्शक नळी. दोन्हीकडे पाणी सारख्या आकड्यावर आलं की दोन्ही जागा एका पातळीत. साधन इतकं साधं की तिथं डिग्री लागत नाही. पण ते एकट्याला वापरताच येत नाही. पलीकडच्यानं पाणी स्थिर होईपर्यंत थांबायचं, आकडा मोठ्यानं सांगायचा, अलीकडच्यानं तो ऐकून आपला सांगायचा. नळीत हवेचा बुडबुडा राहिला, तर दोघांचेही आकडे प्रामाणिक आणि चर मात्र वाकडा. मग पावसात पाणी सखल जागा शोधून तिथून फुटतं. मी उतारावर उभा राहून पाहत होतो. एक काकू पलीकडून ओरडल्या, "थांब ना बाप्पा, पाणी हालून रायलं!" त्यांना थांबवायचा अधिकार कुणी दिलेला नव्हता, त्यांनी तो घेतला आणि समोरच्यानं मानला. आमच्या ग्रुपमध्ये 'थांब' म्हणणारं कुणी नव्हतं.

दुसऱ्या वर्षी डिप्लोमाची मुलं थेट येऊन बसतात, तिथं एक अवघड वळण असतं. बारावीवाल्यांना वाटतं, यांचं गणित कच्चं. डिप्लोमावाल्यांना वाटतं, यांना साधं सोल्डरिंग जमत नाही. दोघांचंही थोडं थोडं खरं असतं, म्हणून तर एका ग्रुपात दोन्हीकडचे हवेत. तसंच भाषेचं. मानोऱ्याकडच्या तांड्यावरून आलेला, किंवा रिसोडकडच्या खेड्यातून आलेला मुलगा इंग्रजी पीपीटी सुरू झाली की गप्प होतो, आणि ग्रुप समजतो त्याला काही येत नाही. बैठक मराठीत घ्या, वऱ्हाडीत घ्या, रिपोर्ट इंग्रजीत करा. आणि ज्याची शेवटची एसटी साडेपाचची आहे, त्याच्याविना सहाची बैठक ठेवून वर "तो येतच नाही" म्हणू नका.

तिसऱ्या वर्षी स्पर्धांचं वारं लागतं. 'स्मार्ट इंडिया हॅकेथॉन'ला सहा जणांची टीम लागते, त्यात किमान एक मुलगी हवी. नियम चांगला, पण नोंदणीच्या शेवटच्या दिवशी वर्गात "एक मुलगी पाहिजे रे" अशी हाक मारली जाते, तेव्हा त्याचं काय होतं ते दिसतंच. नाव भरण्यापुरती घेतलेली सहावी आणि सहा डोक्यांमधलं एक डोकं, यात फरक आहे. सॉफ्टवेअरची अंतिम फेरी सलग 36 तासांची. त्यात एकानं कोड लिहायचा आणि पाचांनी चहा आणायचा, हे रात्री दोनपर्यंतच टिकतं.

मोठ्या कामाचं उदाहरण हवं असेल तर पुण्याच्या सीओईपीच्या विद्यार्थ्यांचा 'स्वयम्' उपग्रह घ्या. वजन जेमतेम एक किलो. काम 2008 च्या सुमारास सुरू झालं आणि 22 जून 2016 ला तो पीएसएलव्ही-सी34 मधून श्रीहरिकोट्याहून गेला. पदवी चार वर्षांची, काम आठ वर्षांचं. ज्यांनी सुरुवात केली ते उड्डाणाच्या वेळी कॉलेजात नव्हते, आणि उड्डाणाच्या वेळी जे होते ते सुरुवातीला शाळेत होते. न पाहिलेल्या माणसाच्या हाती काम सोपवायचं तर का केलं, काय करून पाहिलं आणि काय फसलं, हे लिहून ठेवण्यावाचून गत्यंतर नाही. आपल्याकडे सीनियरचा प्रोजेक्ट खाली येतो तो रिपोर्टचं मुखपृष्ठ बदलून. त्यापेक्षा सीनियरनं अर्धवट सोडलेलं काम उघडपणे पुढे न्या. गाइडला पटवून द्या. तयार प्रोजेक्ट विकत आणण्याबद्दल मी फार बोलत नाही. बऱ्याच ग्रुपांत सगळ्यांचं एकमत होतं असा तो एकच निर्णय असतो.

भांडणं कोडवरून क्वचितच होतात, होतात ती पैशांवरून आणि वेळेवरून. आपल्याकडे सावडीनं कामं करणारे शेतकरी आज माझ्या वावरात, उद्या तुझ्या, याचा हिशेब अगदी मोकळेपणानं ठेवतात. त्यात कुणाला अपमान वाटत नाही. कॉलेजात मात्र सेन्सर कुणी आणला, अमरावतीच्या फेरीचं भाडं कुणी भरलं, हे विचारणं कोतेपणाचं समजतात. मग मनात साठतं आणि सबमिशनच्या आठवड्यात फुटतं. वहीत लिहा, महिन्याला मिटवा. प्रोजेक्टच्या वस्तू शेवटी कुणाकडे राहणार, तेही आधीच ठरवा.

वेळेचंही तसंच. सप्टेंबरच्या शेवटापासून सोयाबीनची सोंगणी लागते आणि घरून फोन येतात. त्या दिवसांत काहीजण गावी जाणारच. ते आळशी नाहीत. त्यांच्या वाट्याचं काम आधी घ्या किंवा दिवाळीनंतर ठेवा, वेळापत्रकच तसं आखा. एवढं करूनही कुणी कामच करत नसेल, तर आधी त्याच्याशी एकट्यानं बोला. घरी काय चाललंय ते पुष्कळदा तिथं कळतं. तरी हललं नाही तर गाइडकडे जा, पण सबमिशनच्या तोंडावर नको, महिना-दीड महिना हाती असताना. जाताना कोणतं काम कोणत्या तारखेपासून अडलंय ते कागदावर घ्या, आणि ज्याच्याबद्दल बोलायचं त्यालाही सोबत न्या.