स्वावलंबी घर आणि कचऱ्यावरचा हात

इतिहासाच्या तासाला ‘स्वयंपूर्ण खेडे’ हा शब्द आला की मी जरा थांबते. पुस्तकातले हे खेडे मोठे देखणे असते. सुतार, लोहार, कुंभार, चांभार, महार, मांग आपापले काम करतात, सुगीला बलुते घेतात आणि गाव बाहेरून फारसे काही न मागता चालते. या चित्रात मेलेले जनावर कोण ओढत नेत होते, हा प्रश्न विद्यार्थ्यांकडूनच यावा म्हणून मी थांबते. बहुधा तो येतो.

इंग्रज अधिकारी मेटकाफ याने भारतीय खेड्यांना छोटी प्रजासत्ताके म्हटले होते. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत संविधानाचा मसुदा मांडताना बाबासाहेबांनी त्याच्या या वर्णनाचा उल्लेख केला आणि खेड्याचे हे गौरवीकरण स्पष्ट शब्दांत नाकारले. त्यांच्या दृष्टीने खेडे हे संकुचितपणाचे आणि अज्ञानाचे आगर होते. यामागे नुसता राग नव्हता. वतनाचा प्रत्यक्ष अनुभव होता. महार वतनाचा वेठबिगारीशी असलेला संबंध ओळखून राजर्षी शाहू महाराजांनी १९१८ मध्ये आपल्या करवीर संस्थानात ते वतन रद्द केले. १९२८ मध्ये बाबासाहेबांनी मुंबई विधिमंडळात वतनसुधारणेचे विधेयक आणले. कनिष्ठ ग्रामवतने नष्ट करणारा कायदा व्हायला मात्र १९५८ उजाडले. गाव ‘स्वयंपूर्ण’ होते ते कोणाच्या पाठीवर, हे आपल्या वाडवडिलांना कोणी समजावून सांगण्याची गरज नव्हती.

त्यामुळे ‘पर्यावरणपूरक स्वावलंबी घर’ या विषयावर लिहावे असे स्मरणिकेच्या संपादकांनी सुचवले, तेव्हा मी प्रथम नकारच दिला. नंतर वाटले, आमच्या घरात गेल्या काही वर्षांत जे घडले ते याच प्रश्नापाशी येऊन थांबते. ते लिहावे.

सात-आठ वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या घरी काचेचा पेला फुटला. आम्ही तुकडे गोळा केले आणि भाजीच्या देठांसोबत एकाच पिशवीत टाकले. सकाळी घंटागाडीवरच्या बाईंनी पिशवी उचलून आत हात घातला आणि तळहात चिरला. मी हळद आणि कापड घेऊन धावले. त्या शांतपणे एवढेच म्हणाल्या, “बाई, काच तेवढी येगळी ठेवत जावा की.” मी शाळेत समतेवर शिकवते. घंटागाडीवर आजही बहुतेक कोणत्या समाजाची माणसे असतात, हे या स्मरणिकेच्या वाचकांना सांगायला नको. त्या दिवशी मला शाळेत नीट शिकवता आले नाही.

२०१३ च्या कायद्याने माणसाकरवी मैला वाहून नेण्यास बंदी आहे. २०१६ च्या घनकचरा नियमांनी ओला, सुका आणि घरगुती घातक असे कचऱ्याचे तीन भाग घरातच करायला सांगितले. सॅनिटरी पॅड आणि डायपर नीट गुंडाळून देण्याची जबाबदारीही घरावरच टाकली. हे नियम मला पर्यावरणाचे कमी आणि माणसाच्या हाताचे जास्त वाटतात. आपण वेगळे केले नाही, तर कोणीतरी ते हाताने वेगळे करणारच. कसबा बावड्याच्या लाईन बाजारजवळ साठलेला कचऱ्याचा डोंगर ज्यांनी पाहिला आहे, त्यांना हे पटेल.

मी ओला कचरा घरातच जिरवायचा ठरवला, तेव्हा पहिला विरोध आईने केला. तिच्या बालपणी शेण भरणे आणि गोवऱ्या थापणे हे रोजचेच काम होते. ती म्हणाली, “जे आम्ही सोडलं, ते तू कशाला धरतीयास? ह्यासाठी शाळा शिकलीस व्हय?” या प्रश्नाला माझ्याकडे पटकन उत्तर नव्हते. आजही ते पुरेसे आहे असे मी म्हणणार नाही. तिला एवढेच सांगितले की, तू उचलत होतीस ती दुसऱ्यांची घाण होती. ही आपली आहे.

आता कृती सांगते, कारण माजी विद्यार्थी भेटले की हेच विचारतात. रंगाची वीस लिटरची रिकामी बादली घ्यावी. तळाला आणि बाजूंना भोके पाडावीत, खाली ताट ठेवावे. तळाशी नारळाच्या शेंड्यांचा थर द्यावा. त्यावर रोजचा ओला कचरा बारीक करून टाकावा आणि प्रत्येक वेळी त्याच्या दुप्पट सुका पालापाचोळा घालावा. आमची पहिली बादली इथेच बिघडली. पाला कमी पडला, पाणी साठले, वास सुटला, अळ्या झाल्या आणि शेजाऱ्यांनी नाके दाबली. खत तयार करणाऱ्या जीवाणूंना हवा लागते. ओलसरपणा पिळलेल्या फडक्याइतकाच हवा. त्याहून जास्त पाणी झाले की हवा कोंडते आणि कचरा सडू लागतो. आपल्या जिल्ह्यात उसाचे पाचट शेतात जाळतात. गावाकडून त्याची दोन पोती आणली आणि वास थांबला. आठवड्यातून दोनदा ढवळावे, सुरुवातीला थोडे आंबट ताक शिंपडावे. दोन ते अडीच महिन्यांत काळसर, मातीच्या वासाचे खत मिळते. रविवारच्या तांबड्या-पांढऱ्या रश्श्यानंतरची हाडे मात्र बादलीत घालू नयेत. ती लवकर कुजत नाहीत आणि घुशी येतात. भाजीच्या तराजूवर मोजून पाहिले, तर आमच्या पाच माणसांच्या घरातून रोज जवळपास एक किलो ओला कचरा निघत होता. तेवढे ओझे घंटागाडीवरून कमी झाले.

पाण्याचे थोडक्यात. एक चौरस मीटर छतावर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. शहरात वर्षाला साधारण एक हजार मिलिमीटर पाऊस पडतो. आमच्या चारशे चौरस फुटांच्या छतावरून, वाया जाणारे वजा केले तरी तीस हजार लिटरच्या आसपास पाणी उतरते. आम्ही त्यातले दोन पिंपेच धरतो. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात पंचगंगेने त्रेचाळीस फुटांची धोक्याची पातळी कितीतरी मागे टाकली. उपसा केंद्रे पाण्यात गेली आणि शहराचे नळ बंद पडले. चहूकडे पाणी आणि घरात थेंब नाही, अशा त्या दिवसांत भांडी आणि संडासासाठी ही पिंपे कामी आली. पाण्याला हात लावला म्हणून मार खाल्लेल्या गंगाराम कांबळे यांच्या गावात राहून पाण्याचे मोल मला तेव्हा नव्याने कळले.

सगळेच प्रयोग टिकले नाहीत. रिठ्याने भांडी घासणे दोन आठवड्यांत सोडले, कारण ते जास्तीचे घासणे माझ्या आणि सुनेच्याच वाट्याला येत होते. १९४५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या काँग्रेस व गांधींवरील ग्रंथात बाबासाहेबांनी यंत्राची बाजू घेतली, ती कष्टकऱ्याला फुरसत मिळावी म्हणून. दोष यंत्राचा नसून समाजरचनेचा आहे, हा त्यांचा मुद्दा. म्हणून आमच्या घरी गॅस आहे, मिक्सर आहे; आईने ज्या धुरात डोळे घालवले ती चूल पुन्हा पेटणार नाही. बादली ढवळण्याची पाळी माझ्या पतीची आणि मुलाची आहे.

धम्मात याला आधार आहे का, असे एका पालकांनी विचारले होते. विनयपिटकाच्या चुल्लवग्गात राजा उदेन आणि भन्ते आनंद यांचा संवाद आहे. इतक्या चीवरांचे काय करणार, असे राजा विचारतो. आनंद सांगतात, ज्यांची चीवरे जीर्ण झाली त्यांना ती वाटू. जुन्या चीवरांचे पलंगपोस होतात, जुन्या पलंगपोसांच्या गादीच्या खोळी, मग जमिनीवरचे अंथरूण, पायपुसणे, धूळ झटकण्याचे फडके आणि शेवटी ते मातीत कालवून जमीन सारवली जाते. हा पाठ मी मुलांना आवडीने सांगते. त्याच्या जोडीला थेरगाथेतील सुनीत थेर सांगते. कोमेजलेली फुले झाडून उचलणाऱ्या या माणसाला बुद्धांनी वाटेत पाहिले आणि संघात घेतले. पहिली गोष्ट वस्तूची, दुसरी ती उचलणाऱ्याची. दुसरीशिवाय पहिली सांगायची नाही, असा माझा वर्गातला नियम आहे.

आई आता अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे. बादलीला ती अजून हात लावत नाही आणि मी आग्रह करत नाही. परंतु घरात काही फुटले की तुकडे तीच गोळा करते, जुन्या वर्तमानपत्रात दोनदा गुंडाळते, सुतळीने बांधते आणि माझ्या तपासणीच्या लाल पेनाने वर मोठ्या अक्षरांत ‘काच’ असे लिहिते. प्रौढ साक्षरता वर्गात शिकलेली तिची अक्षरे जरा वाकडी येतात. घंटागाडीवरच्या बाईंना ती लांबूनही वाचता येतात.