मळणी यंत्राचा वेग व बियाण्याची उगवण

उमरी व आसपासच्या भागांत सोयाबीनचे पीक मोठ्या प्रमाणावर घेतले जाते व पुढील हंगामासाठी घरचे बियाणे राखले जाते. सोयाबीनचे टरफल नाजूक असून अंकुर त्याच्या लगतच असतो. मळणीत ड्रमचा मार जास्त बसल्यास दाणा अखंड दिसूनही आतील अंकुर दुखावतो व पेरल्यावर उगवत नाही. याकरिता यंत्राच्या वेगाचे गणित समजून घेणे अगत्याचे आहे.

वेग दोन प्रकारे सांगतात. विजेची आवर्तने दर सेकंदाला मोजतात. त्या मापास हर्ट्‌झ म्हणतात. यंत्राचे फेरे दर मिनिटाला मोजतात. मिनिटाचे सेकंद ६० असल्याने हर्ट्‌झला ६० ने गुणले की दर मिनिटाचे फेरे मिळतात आणि फेऱ्यांना ६० ने भागले की हर्ट्‌झ मिळतात. ट्रॅक्टरच्या पी.टी.ओ.चे ५४० फेरे म्हणजे सेकंदाला ९ फेरे होत.

आपल्याकडील वीज ५० हर्ट्‌झची आहे. ५० गुणिले ६० म्हणजे ३,००० झाले. परंतु चार ध्रुवांच्या मोटारीत ध्रुवांच्या दोन जोड्या असतात. म्हणून ३,००० ला २ ने भागून १,५०० येतात. प्रत्यक्षात मोटार याहून किंचित मागे राहते. भार असताना तिचे फेरे सुमारे १,४४० भरतात. हा आकडा मोटारीवरील पाटीवर पाहावा.

आता पुलीचा हिशेब पाहू. मोटारीचे फेरे गुणिले मोटारीची पुली, भागिले ड्रमची पुली, म्हणजे ड्रमचे फेरे. मोटारीची पुली ४ इंच व ड्रमची १२ इंच असल्यास १,४४० × ४ ÷ १२ = ४८० फेरे होतात. बियाण्याच्या सोयाबीनसाठी ड्रमचे फेरे ४०० च्या आत ठेवणे हिताचे असते. ड्रमची पुली १५ इंचाची बसविल्यास फेरे ३८४, म्हणजे सेकंदाला ६.४ होतात. पट्टा घसरल्यास फेरे आणखी कमी होतात. इतके फेरे डोळ्यांनी मोजता येत नाहीत, म्हणून खात्रीसाठी टॅकोमीटर वापरावा.

यंत्र ट्रॅक्टरवर चालत असेल, तर इंजिनचा वेग वाढताच ड्रमचाही वेग वाढतो. काम लवकर उरकावे म्हणून वेग वाढवू नये. यंत्र पूर्ण थांबविल्याशिवाय पट्ट्यास अगर पुलीस हात लावू नये.

मळणीनंतर १०० दाणे ओल्या गोणपाटात ठेवून उगवण पाहावी. प्रमाणित सोयाबीन बियाण्यास किमान ७० टक्के उगवण आवश्यक असते. त्याहून कमी दाणे उगवल्यास ते बियाणे पेरणीसाठी भरवशाचे मानू नये. ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी मळणीपूर्वीच प्रत्येक गावी पुल्या मोजून हा हिशेब शेतकरी बंधूंना करून दाखवावा.