थेंबातील पंगत

नाशिक जिल्ह्याच्या बागलाण तालुक्यात मोसम नदीच्या काठी नामपूर हे गाव वसले आहे. सह्याद्रीच्या डोंगरांतून निघालेली मोसम आपल्या खोऱ्यातील शेतांना पाणी देत पूर्वेकडे जाते आणि मालेगावजवळ गिरणेस मिळते. पावसाळा सरून नदीचे पाणी उतरले, की पात्रातील खळग्यांत ठिकठिकाणी पाणी साचून राहते. काही दिवसांनी त्यावर हिरवट साय धरते आणि तळाशी पालापाचोळा कुजू लागतो. कांद्याची गाडी भरून बाजाराकडे निघालेला शेतकरी अशा डबक्याकडे वळूनही पाहत नाही. त्याच्या लेखी ते नुसते साचलेले पाणी होय. परंतु त्याच पाण्याचा एक थेंब काचपट्टीवर घेऊन सूक्ष्मदर्शक यंत्राखाली ठेविला, तर त्यात अहोरात्र एक पंगत चाललेली दिसते. त्या पंगतीला बसणाऱ्यांना हात नाहीत, दात नाहीत, पोटही नाही. त्यांचे सबंध शरीर म्हणजे अवघी एक पेशी. आणि तरीही ते पोटभर जेवतात.

ही पंगत मनुष्याने प्रथम पाहिली, त्याला सुमारे साडेतीनशे वर्षे झाली. हॉलंड देशातील डेल्फ्ट गावी आंतोनी व्हान लेव्हेनहूक नावाचा एक कापडाचा व्यापारी राहत असे. त्याने विद्यापीठाचे शिक्षण घेतलेले नव्हते. परंतु काचेची अगदी लहान भिंगे घासून तयार करण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. १६७४ साली त्याने जवळच्या एका तळ्याचे गढूळ पाणी आपल्या भिंगाखाली पाहिले आणि त्यात त्याला इकडून तिकडे धावणारे इवले जीव आढळले. लंडनच्या रॉयल सोसायटीस त्याने ही हकीकत पत्राने कळविली. पुढे त्याने आणखी पत्रे लिहिली, तेव्हा प्रथम पुष्कळांचा त्यांवर विश्वास बसेना. अखेर १६७७ साली रॉबर्ट हूक या शास्त्रज्ञाने ते जीव स्वतः पाहून इतरांनाही दाखविले, आणि व्यापाऱ्याचे म्हणणे खरे ठरले.

आज हे दृश्य पाहावयास फारशी सामग्री लागत नाही. वस्तू शंभर पट मोठी करून दाखविणारे शाळेतील साधे यंत्र पुरेसे होते. सुक्या गवताच्या काड्या किंवा कडब्याचे तुकडे पाण्यात उकळून ते पाणी थंड होऊ द्यावे आणि त्यात डबक्यातील थोडे पाणी मिसळावे. भांडे सावलीत ठेविले, की त्यात प्रथम जंतूंची वाढ होते आणि मग त्या जंतूंवर जगणारे एकपेशीय प्राणी वाढीस लागतात. आठवड्याभरात त्या पाण्याचा थेंब पाहण्याजोगा होतो. थेंबात कापसाचे दोनचार तंतू टाकावेत, म्हणजे धावणारे प्राणी त्या तंतूंच्या जाळीत अडखळतात आणि त्यांस नीट निरखिता येते. मात्र असे पाणी तोंडात जाऊ देऊ नये आणि काम आटोपल्यावर हात स्वच्छ धुवावेत. डबक्यातील बहुतेक एकपेशीय प्राणी निरुपद्रवी असले, तरी आमांशासारखे दुखणे आणणारा अमीबाचा एक भाऊबंद दूषित पाण्यावाटेच मनुष्याच्या आतड्यात शिरतो.

थेंबात सर्वांत आधी नजरेत भरतो तो पॅरामेशियम. त्याचा आकार चपलेच्या तळासारखा असतो. असे चार प्राणी एका ओळीत ठेविले, तर त्यांची लांबी जेमतेम एक मिलिमीटर भरेल. त्याच्या अंगावर सर्वत्र अतिशय बारीक केसांसारखे तंतू असतात. त्यांस पक्ष्माभिका म्हणतात. शेतातील पीक वाऱ्याने लहरत जावे, तशा त्या एकामागून एक हलतात आणि प्राणी पाण्यातून स्वतःभोवती फिरत पुढे सरकतो. त्याच्या एका अंगास तिरकी खाच असते. तेथील पक्ष्माभिका पाण्याचा प्रवाह आत ओढून घेतात आणि प्रवाहाबरोबर जंतूही येतात. खाचेच्या तळाशी पाण्याचा एक लहान बुडबुडा तयार होतो. त्यात जंतू साठत जातात. तो भरला, की तळापासून सुटून शरीरात शिरतो आणि त्याच्या जागी दुसरा बुडबुडा धरू लागतो. या बुडबुड्यास अन्नरिक्तिका असे नाव आहे.

इतरांच्या जेवणाच्या तऱ्हा याहून निराळ्या आहेत. व्हॉर्टिसेला हा घंटेच्या आकाराचा प्राणी लांब देठाने पानास चिकटून राहतो. तो अन्नाच्या मागे जात नाही. घंटेच्या तोंडावरील पक्ष्माभिकांनी तो पाण्यात भोवरा उत्पन्न करितो आणि अन्नच त्याच्याकडे ओढले जाते. काचपट्टीस किंचित धक्का लागला, की त्याचा देठ मळसूत्रासारखा आखडतो. धोका टळला, की तो पुन्हा सावकाश उलगडतो. अमीबा तर याहून संथ. त्याला ठराविक आकारच नाही. शरीराचा एखादा भाग पुढे ओघळतो आणि बाकीचे शरीर त्याच्यामागून वाहत जाते. या ओघळणाऱ्या भागांस छद्मपाद म्हणतात. भक्ष्य जवळ आले, की दोन्ही बाजूंनी छद्मपाद पुढे सरकतात, भक्ष्यास ओंजळीसारखे वेढतात आणि वेढा बंद होतो. मग भक्ष्य अमीबाच्या आत असते. तेथे सापडलेला पॅरामेशियम काही वेळ धडपडतो आणि मग शांत होतो. डिडिनियम नावाचा पिंपासारखा एक प्राणी आहे. तो आपल्याहून मोठा पॅरामेशियम सबंध गिळून टाकितो. मोसमच्या काठचे डबके वरून कितीही निवांत दिसले, तरी त्याच्या पोटात असा जीवनकलह चाललेला असतो.

प्राणी अन्न आत घेतो, हे पाहणे सोपे होते. परंतु आत गेलेल्या अन्नाचे पुढे काय होते, या प्रश्नावर युरोपातील विद्वानांत मोठा वाद माजला. त्याची गोष्ट ऐकण्याजोगी आहे.

अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात ग्लायखेन या जर्मन निरीक्षकाने एक सुरेख युक्ती योजिली. त्याने प्राण्यांच्या पाण्यात कार्मिन या तांबड्या रंगाची पूड मिसळली. प्राण्यांनी ते कण गिळले आणि त्यांच्या पारदर्शक शरीरात तांबडे ठिपके स्पष्ट दिसू लागले. पुढे एरेनबर्ग नावाच्या थोर जर्मन शास्त्रज्ञाने हीच युक्ती वापरून शेकडो जातींचे प्राणी तपासले. त्याचा व्यासंग अफाट होता. अलेक्झांडर फॉन हुंबोल्ट या जगप्रसिद्ध संशोधकाबरोबर त्याने १८२९ साली सैबेरियाचा प्रवास केला होता. एकेका प्राण्याच्या अंगात अनेक रंगीत ठिपके पाहून त्याने असा निष्कर्ष काढिला, की प्रत्येक ठिपका म्हणजे एकेक जठर होय आणि ही सर्व जठरे एका आतड्यास जोडलेली आहेत. या प्राण्यांस त्याने ‘बहुजठरी’ असे नाव दिले. मोठ्या प्राण्यांस जी इंद्रिये असतात, ती सर्व या इवल्या जीवांसही असली पाहिजेत, अशी त्याची दृढ समजूत होती. १८३८ साली त्याने आपला भव्य सचित्र ग्रंथ प्रसिद्ध केला. एवढ्या अधिकारी पुरुषाच्या मताविरुद्ध बोलण्यास धैर्य हवे होते.

ते धैर्य फ्रान्समधील फेलिक्स दुजार्दँ याने दाखविले. तो तूर गावच्या एका घड्याळजीचा मुलगा. त्याने बहुतेक विद्या स्वतःच्या कष्टाने मिळविली होती. त्याने ठिपके मोजले नाहीत; एकेका ठिपक्याचा माग धरिला. त्यास असे दिसले, की ठिपका एका जागी राहतच नाही. तो मुखाशी जन्मतो, सुटतो आणि शरीरातील मऊ, चिकट द्रव्यातून फिरत जातो. ठिपके आतड्यास जोडलेली जठरे असती, तर ती अशी मोकळी हिंडली नसती. मग आतडे कोठे आहे? कोठेच नाही. ज्या द्रव्यातून ठिपके हिंडतात, ते जिवंत द्रव्यच सर्व कामे करिते, असे त्याने १८३५ पासून आपल्या लेखांतून प्रतिपादिले. काळाने निवाडा दुजार्दँच्या बाजूने दिला. एरेनबर्गच्या डोळ्यांत काही उणे नव्हते. त्याने पाहिलेले ठिपके खरेच होते आणि त्याने नोंदिलेल्या अनेक जाती आजही मान्य आहेत. परंतु जे दिसले त्यात त्याने आपल्या मनातील आतडे मिसळिले, आणि तेथे तो चुकला.

या वादाचा निकाल नामपूरच्या शाळेतील विद्यार्थीसुद्धा एका तासात स्वतः पडताळून पाहू शकतो. त्यासाठी पावात घालावयाचे यीस्ट घेऊन ते काँगो रेड या रंगाच्या पाण्यात उकळावे आणि थंड झाल्यावर त्यातील लवमात्र अंश पॅरामेशियमच्या थेंबात सोडावा. हा रंग एरवी तांबडा असतो. तीव्र आम्लात तो निळा होतो. थोड्याच वेळात पॅरामेशियमच्या अंगात तांबड्या अन्नरिक्तिका दिसू लागतात. मग इतर सर्व सोडून एकाच रिक्तिकेवर दृष्टी ठेवावी. ती मुखापासून सुटते आणि मागील टोकाकडे जाते. काही मिनिटांत तिचा तांबडा रंग निळसर होतो. याचा अर्थ तिच्यात आम्ल उतरले. ती पुढे सरकत राहते आणि तिचा रंग पुन्हा तांबूस होतो. म्हणजे आम्ल ओसरले. या वाटेवर पाचक रस अन्नाचे विघटन करितात आणि त्यातील सत्त्व भोवतालच्या द्रव्यात झिरपते. राहिलेला चोथा शरीराच्या मागील भागातील एका ठराविक जागी बाहेर टाकिला जातो. मनुष्याच्या पोटातही अन्नावर आधी आम्लाची क्रिया होते आणि मग आतड्यात ते आम्ल नाहीसे होते. तीच क्रमवारी येथे केसाच्या टोकाएवढ्या जागेत, जठराशिवाय आणि आतड्याशिवाय पार पडते.

अशा निरीक्षणांतूनच पुढे मनुष्यदेहाचे एक रहस्य उलगडले. एल्या मेचनिकॉव्ह हा रशियन शास्त्रज्ञ साध्या प्राण्यांच्या पेशी अन्न कसे गिळतात व पचवितात, याचा अभ्यास करीत असे. १८८२ साली सिसिली बेटावरील मेसीना येथे त्याने तारामाशाच्या पारदर्शक डिंभात गुलाबाचा काटा टोचून ठेविला. दुसऱ्या दिवशी त्या काट्याभोवती डिंभाच्या फिरत्या पेशी गोळा झाल्या होत्या. अमीबा जसा भक्ष्यास वेढतो, तशाच आपल्या रक्तातील काही पांढऱ्या पेशी शरीरात शिरलेल्या रोगजंतूंना वेढून गिळतात, हा त्याचा सिद्धान्त पुढे सर्वमान्य झाला. त्याबद्दल १९०८ साली त्याला पाउल एर्लिख यांच्यासह नोबेल पारितोषिक मिळाले. बोटास काटा लागल्यावर तेथे जमणारा पू म्हणजे मुख्यतः अशा झुंजीत मेलेल्या पेशीच होत. डबक्यातील पंगत आणि आपल्या रक्तातील लढाई यांची रीत मुळात एकच आहे.

मेचनिकॉव्हचा एक शिष्य महाराष्ट्राला अपरिचित नाही. ओदेसा येथे त्याच्या हाताखाली शिकलेला वाल्देमार हाफकिन पुढे पॅरिसच्या पाश्चर संस्थेत गेला आणि १८९० साली त्याने पॅरामेशियमच्या संसर्गजन्य रोगांवर एक निबंध प्रसिद्ध केला. पॅरामेशियमच्या केंद्रकात राहणारे काही जंतू त्याने त्यात वर्णिले होते. असे जंतू अन्नाबरोबरच आत येतात. पण इतर जंतूंप्रमाणे न पचता रिक्तिकेतून निसटतात आणि केंद्रकात ठाण मांडतात, हे नंतरच्या संशोधनाने दाखविले. जे भक्ष्य म्हणून गिळले, तेच असे घरभेदी निघते. पुढे १८९६ साली मुंबईत प्लेगची साथ आली. माणसे पटापट मरू लागली, घरे ओस पडली आणि लोक शहर सोडून जाऊ लागले. त्या वेळी हाफकिन मुंबईस आला. ग्रँट मेडिकल कॉलेजातील लहानशा प्रयोगशाळेत त्याने प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःच्या अंगात टोचून घेतली. ती सोसते अशी खात्री झाल्यावरच त्याने ती इतरांस दिली. परळ येथील त्याच्या प्रयोगशाळेस १९२५ पासून त्याचे नाव देण्यात आले आहे. ज्या डोळ्यांनी हजारोंचा काळ ठरलेल्या जंतूचा पाठलाग केला, ते डोळे पॅरामेशियमसारखे इवले जीव निरखून तयार झाले होते.

सूक्ष्मदर्शक यंत्र वस्तू मोठी करून दाखविते. तिचा अर्थ सांगत नाही. तो अर्थ पाहणाऱ्याने शोधावयाचा असतो, आणि त्यासाठी उतावीळ नजर उपयोगी पडत नाही. थेंबावर एकदा दृष्टी टाकून उठणाऱ्यास केवळ ठिपके दिसतात. जो एका ठिपक्याच्या मागे अखेरपर्यंत जातो, त्याला वाट दिसते. अशी चिकाटी घड्याळजीच्या मुलाला साधली, कापडाच्या व्यापाऱ्याला साधली. मोसमच्या काठावर पाणी तर आहेच. पाहणाराही तेथूनच उठावा.

अभ्यास

१. पॅरामेशियम, व्हॉर्टिसेला आणि अमीबा यांच्या अन्न घेण्याच्या रीतींतील फरक सांगा.
२. एरेनबर्गने कोणता निष्कर्ष काढिला? दुजार्दँने तो कसा खोडून काढिला?
३. काँगो रेडच्या प्रयोगात अन्नरिक्तिकेचा रंग का पालटतो?
४. ‘जे दिसले त्यात त्याने आपल्या मनातील आतडे मिसळिले’ या वाक्याचा आशय स्वतःच्या शब्दांत लिहा.
५. आपल्या गावाजवळील एखाद्या डबक्याचे वर्णन दहा ओळींत करा.