पत्ता नीट, तर पत्र घरी

एका रात्री आमच्या वर्गात एक गृहस्थ आले. वय साठीच्या पुढचे. हातात एक लांब पाकीट होते. ते म्हणाले, "गुरुजी, हे दोन महिन्यांमागं आलं. पोस्टमननं अंगठा घेतला अन् हातात दिलं. मी आढ्याला खोचून ठेवलं. जरा बघा तरी, काय हाय त्यात."

आम्ही पाकीट उघडले. आत जमिनीच्या फेरफाराची नोटीस होती. हरकत असेल तर पंधरा दिवसांत कळवा, असे तिच्यात लिहिले होते. पंधरा दिवस केव्हाच उलटले होते. पुढे त्यांना अपील करावे लागले. कचेरीच्या खेपा झाल्या. पदरचा पैसा गेला.

टपालाने आपले काम चोख केले होते. पाकीट दारापर्यंत आणले होते. वाचण्याचे काम तेवढे राहिले होते, आणि ते आपले होते. म्हणून या धड्यात आपण टपालाची माहिती करून घेऊ.

टपाल कुणाचे?

टपाल खाते भारत सरकारचे आहे. देशात दीड लाखाहून जास्त डाकघरे आहेत. दहांतली सुमारे नऊ खेड्यांत आहेत. स्वातंत्र्य मिळाले तेव्हा सारी मिळून तेवीस हजारांच्या आसपास होती.

फार पूर्वी हरकारे टपाल नेत. खांद्यावर थैली, हातात भाला आणि भाल्याला घुंगरू. रानातून, घाटातून ते पायी धावत. तेव्हा अंतर वाढले की पत्राचा दरही वाढे. गरिबाने लांबच्या मुलखात पत्र धाडावे कसे?

१८५४ साली ही रीत बदलली. देशभर एकच दर झाला. हलक्या पत्राला अर्धा आणा. पत्र शेजारच्या गावी जावो की हजार मैलांवर, तिकीट तेच. १८७९ साली पोस्टकार्ड निघाले. त्याची किंमत पाव आणा होती. १८८० साली मनीऑर्डर सुरू झाली, तर १८८२ साली डाकघराची बचत बँक. मुंबईच्या गिरणीतला चाकरमानी दर महिन्याला मनीऑर्डर करी. त्या पैशावर कोकणातल्या कितीतरी घरांची चूल पेटे.

पत्र कसे जाते?

आपण पेटीत पत्र टाकतो. पोस्टमन पेटी उघडून पत्रे नेतो. डाकघरात तिकिटावर शिक्का मारतात. त्यावर गावाचे नाव आणि तारीख असते. तिकीट पुन्हा वापरता येऊ नये, म्हणून हा शिक्का. मग पत्रे थैलीत भरून मोठ्या ठिकाणी नेतात. तिथे त्यांची वाटणी होते. पुण्याची पुण्याकडे, नागपूरची नागपूरकडे. थैल्या मोटारीने, आगगाडीने, विमानाने जातात. शेवटी पत्र गावच्या डाकघरात येते आणि पोस्टमन ते घरी आणून देतो.

वाटेत कितीतरी हात लागतात. त्यांतल्या एकालाही आपण ओळखत नाही. ते आपल्याला ओळखत नाहीत. ते फक्त पत्ता वाचतात. पत्ता चुकला, तर पत्र भटकते.

पत्ता कसा लिहावा?

आधी माणसाचे पूर्ण नाव लिहावे. नाव, वडिलांचे किंवा पतीचे नाव, मग आडनाव. एका गावात दहा पाटील असतात. नुसते 'पाटील' लिहून कसे चालेल?

मग 'मु.' लिहून राहण्याच्या गावाचे नाव. 'मु.' म्हणजे मुक्काम. मग 'पो.' लिहून ज्या गावी डाकघर आहे, त्याचे नाव. आपल्याच गावात डाकघर असेल, तर दोन्ही मिळून 'मु. पो.' लिहावे. पुढे 'ता.' म्हणजे तालुका आणि 'जि.' म्हणजे जिल्हा. वडगाव, पिंपळगाव या नावांची गावे महाराष्ट्रात किती आहेत! तालुका लिहिला नाही, तर पत्र कोणत्या वडगावला जाणार?

सर्वांत शेवटी पिनकोड. याचे आकडे सहा. १५ ऑगस्ट १९७२ पासून तो सुरू झाला. श्रीराम भिकाजी वेलणकर या मराठी अधिकाऱ्यांनी ही पद्धत बसवली. ते संस्कृतचे मोठे पंडित होते. पहिला आकडा देशाचा भाग दाखवतो. महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश आणि छत्तीसगड यांचा पहिला आकडा ४ आहे. पहिल्या तीन आकड्यांवरून पत्र कोणत्या जिल्ह्याकडे न्यायचे ते कळते. ४११ म्हणजे पुणे, ४४० म्हणजे नागपूर. शेवटचे तीन आकडे डाकघराचे. एका पिनकोडात पुष्कळ गावे येतात. म्हणून पिन लिहिला तरी गावाचे नाव लिहावेच.

पत्राच्या एका कोपऱ्यात आपलाही पत्ता लिहावा. माणूस सापडला नाही, तर पत्र आपल्याकडे परत येते.

काय बदलले?

पूर्वी तार आली की घरात रडारड होई. वाचण्याआधीच बायका डोळ्यांना पदर लावत. ती तार जुलै २०१३ मध्ये बंद झाली. जुनी कागदी मनीऑर्डर २०१५ साली गेली. तिची जागा विजेच्या यंत्राने जाणाऱ्या मनीऑर्डरीने घेतली. २०१८ साली टपाल खात्याची पेमेंट्स बँक निघाली. आता पोस्टमन यंत्र घेऊन दारी येतो. आधारला जोडलेल्या खात्यातले पैसे बोट लावून घरी मिळतात. म्हातारीला तालुक्याला जावे लागत नाही.

पण बोट लावण्याआधी विचारा, "किती रुपये काढता?" मग पैसे मोजून घ्या आणि पावती मागा. डाकघरात पैसे भरले, तर पासबुकातली नोंद जागच्या जागी वाचा. तारीख बरोबर आहे का? रक्कम बरोबर आहे का? शिल्लक किती? शिक्का आहे का? यात पोस्टमास्तरांवर अविश्वास नाही. हिशेब दोघांनी पाहिला, की दोघेही निर्धास्त.

महत्त्वाचे कागद स्पीड पोस्टाने धाडावे. पावतीवर तेरा अक्षर-आकड्यांचा क्रमांक असतो. त्यावरून पत्र कुठवर गेले ते कळते. पावती जपून ठेवा. तक्रार करायची झाली, तर तीच कामी येते.

आणखी एक गोष्ट. कचेरीचे पाकीट आले की काही जण घाबरून परत पाठवतात. "घेतलंच नाही, तर काय करतील?" असे म्हणतात. हे चुकीचे आहे. नाकारले तरी कायदा बहुधा नोटीस पोचली असेच धरतो. मुदत सरते आणि आपल्याला पत्ताच नसतो. पाकीट घ्यावे, त्याच दिवशी वाचावे. न समजले, तर जाणत्याला विचारावे.

ते गृहस्थ आता आमच्या वर्गात येतात. परवा त्यांच्या नावाने आणखी एक पाकीट आले. पोस्टमनने सवयीने शाईची डबी पुढे केली. आजोबा म्हणाले, "थांब बाबा, आधी वाचू दे." त्यांनी चष्मा लावला. पाकिटावरचे आपले नाव बोट ठेवून वाचले. मग पेन मागून घेतले आणि सही केली.

प्रश्न

१. 'मु.' आणि 'पो.' यांत फरक काय?
२. तुमच्या गावाचा पिनकोड कोणता?
३. बोट लावण्याआधी काय विचारावे?
४. परगावी असलेल्या आपल्या माणसाला चार ओळींचे पत्र लिहा. पूर्ण पत्ता घाला आणि स्वतःच्या हाताने पेटीत टाका.