रस्ता आधीं, गाडी मागून

गेल्या पावसाळ्याच्या आरंभीं एक पालक आमच्याकडे आले. त्यांचा थोरला मुलगा अठरा वर्षांचा होऊन कॉलेजांत जाऊं लागला होता. घरची ऐपत एकच मोटारसायकल घेण्याची. पित्याच्या मनांत नेहमींची साधी गाडी. मुलाच्या मनांत उंच, खाचदार टायरांची, डोंगरांत जाणारी. "सर, दोहोंत चांगली कोणती?" असें त्यांनीं विचारलें. हा प्रश्न आवडीचा दिसला तरी खरोखर यंत्रशास्त्राचा आहे. म्हणून विद्यार्थिमित्रांपुढें तो मांडीत आहों.

उदाहरणादाखल एकाच कंपनीच्या दोन गाड्या घेऊं. स्प्लेंडर ही १९९४ सालीं, कंपनीचें नांव हीरो होंडा असतां निघाली. एक्सपल्स २०० ही २०१९ सालीं, हीरो मोटोकॉर्प असें नामांतर झाल्यावर. पहिलीचें इंजिन सुमारें ९७ सी.सी. व वजन सुमारें ११२ किलो. दुसरीचें इंजिन सुमारें २०० सी.सी. व वजन दीडशें किलोंहून अधिक. दोनशें किलोंच्या मोठ्या प्रवासी गाड्यांच्या मानानें एक्सपल्स हलकी खरी, पण स्प्लेंडरपुढें ती जडच.

आतां खडकाळ वाटेचा विचार करूं. स्प्लेंडरचें पोट जमिनीपासून सुमारें साडेसोळा सेंटिमीटर उंच, तर एक्सपल्सचें बावीस. दगडावरून जातांना हे साडेपांच सेंटिमीटर इंजिनाचा बचाव करितात. स्प्लेंडरचीं चाकें १८ इंचांचीं. एक्सपल्सचें पुढचें चाक २१ इंचांचें. बैलगाडीचें मोठें चाक ज्या खड्ड्यावरून सहज जातें, त्यांत मुलांच्या गाड्याचें लहान चाक अडकतें. तोच हा नियम. शिवाय एक्सपल्सचें पुढचें चाक सुमारें १९ सेंटिमीटर वरखालीं होऊं शकतें. त्यामुळें धक्का चाकाच्या हालचालींत जिरतो व स्वाराच्या हातांपर्यंत थोडाच पोंचतो.

परंतु निसर्ग कोणतीहि देणगी फुकट देत नाहीं. पोट उंच केलें कीं बैठकहि उंच होते. स्प्लेंडरची बैठक साडेअठ्ठ्याहत्तर सेंटिमीटर, तर एक्सपल्सची ब्याऐंशींच्या वर. ठेंगण्या स्वाराचे पाय तेथें पुरते टेंकत नाहींत. गर्दींत गाडी कलली तर ते दीडशें किलो सांवरणें कठीण. टायरांच्या खाचा चिखलांत रुततात म्हणून पकड देतात. पण त्याच खाचांमुळें डांबराला रबर कमी लागतें. मोठें, जड इंजिन पेट्रोलहि अधिक पितें.

इतकें सांगून आम्हीं पालकांस विचारलें, "मुलाची रोजची वाट कशी आहे?" ते म्हणाले, "बावीस किलोमीटर. वीस डांबरी, दोन कच्ची." उत्तर त्यांचें त्यांनाच सांपडलें! दोन किलोमीटर हळू जातां येतें. त्यांसाठीं वीस किलोमीटर अधिक पेट्रोल जाळणें शहाणपणाचें नव्हे. त्यांनीं साधी गाडी घेतली. मुलगा प्रथम हिरमुसला. पण महिन्याच्या खर्चांतून पुस्तकांपुरते पैसे उरूं लागले, तेव्हां त्याची समजूत पटली. याउलट ओढे ओलांडून पाड्यांवर औषधें नेणारी एखादी परिचारिका आमच्याकडे आली असती, तर आम्हीं तिला नि:संशय दुसरी गाडी सुचविली असती.

शेवटीं एक गोष्ट पालकांसाठीं. अठरा वर्षें पुरीं होण्यापूर्वीं यांपैकीं कोणतीहि गाडी चालविण्याचा परवाना मिळत नाहीं. २०१९ च्या दुरुस्तीनें अल्पवयीन मुलानें गाडी चालवून गुन्हा केल्यास पालकास तीन वर्षांपर्यंत कैद व पंचवीस हजार रुपये दंड सांगितला आहे. दंडाहून मोठी हानि कोणती, हें आईबापांस सांगावयास नको.

मित्रहो, गाडी निवडतांना आधीं आपला रस्ता मोजा. पुढें विद्या वा धंदा निवडतांनाहि हाच क्रम ठेवा.