एका मोठ्या संख्येची ओळख

तथागतांनी केसपुत्त गावच्या कालामांना उपदेश केला की, परंपरेने आले, ग्रंथात लिहिले किंवा गुरूने सांगितले एवढ्यावरूनच कोणतीही गोष्ट मानू नका. स्वतः पडताळा घ्या. हा उपदेश गणिताला तंतोतंत लागू पडतो. आपल्या समाजातील पुष्कळ मुले-मुली गणिताला भिऊन शिक्षणाची वाटच बदलतात. आणि मोठी माणसे मात्र शुभ-अशुभ अंकांवर विश्वास ठेवतात. म्हणून या स्मरणिकेत आम्ही एका संख्येचे खरे गुण मांडत आहोत. विद्यार्थ्यांनी कागद-पेन्सिल घेऊन बसावे. ती संख्या अशी :

१२३४५६७८९८७६५४३२१

ही सतरा अंकी संख्या आहे. आपल्या जुन्या गणनापद्धतीत परार्धाच्या अलीकडचे ‘मध्य’ हे तिचे स्थान. उलट वाचा की सुलट, ती तीच राहते.

ही संख्या येते कोठून? नऊ वेळा १ लिहा आणि त्या संख्येला तिनेच गुणा. गुणाकारात १ च्या नऊ ओळी येतात, प्रत्येक ओळ एक घर डावीकडे सरकलेली. उभ्या बेरजा १, २, ३ अशा वाढत मधोमध ९ होतात व पुन्हा उतरतात. कोठेही हातचा येत नाही, म्हणून ही सुबक रचना टिकते. आता दहा वेळा १ लिहून वर्ग करा. मधली बेरीज १० होते, हातचा येतो आणि उत्तर १२३४५६७९००९८७६५४३२१ असे येते. कारण बदलले की कार्य बदलते, हे येथे डोळ्यांना दिसते.

दुसरा गुण. आपल्या संख्येतील अंकांची बेरीज ८१ येते आणि ८१ ने तिला निःशेष भाग जातो. हा योगायोग समजू नये. नऊ वेळा १ या संख्येच्या अंकांची बेरीज ९, म्हणून तिला ९ ने भाग जातो, भागाकार १२३४५६७९. मग तिच्या वर्गाला ९ च्या वर्गाने, म्हणजे ८१ ने, भाग जाणारच.

स्वतःच्या अंकांच्या बेरजेने भाग जाणाऱ्या संख्यांना ‘हर्षद’ हे नाव दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांनी दिले. आपल्या संख्येसारख्या रचनांना त्यांनी ‘डेमलो संख्या’ म्हटले. ज्या रेल्वे स्थानकावर ही कल्पना सुचली, त्याचेच ते नाव. डहाणूला १९०५ साली जन्मलेले कापरेकर पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात शिकले आणि १९३० ते १९६२ देवळालीला शाळामास्तर होते. पदव्युत्तर पदवी नव्हती, तरी ६१७४ हा ‘कापरेकर स्थिरांक’ आज जगभर त्यांच्या नावाने ओळखला जातो. १९७५ साली मार्टिन गार्डनर यांनी अमेरिकेतील ‘सायंटिफिक अमेरिकन’ मासिकात त्यांच्यावर लिहिले.

कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतीत कामाला लागणारा असो वा बँकेच्या परीक्षेला बसणारा, हिशेब स्वतः तपासता येणाऱ्याला सहसा कोणी फसवू शकत नाही. गणित शिकण्याचे आमच्या मते हेच मोठे कारण आहे.

विद्यार्थी मित्रहो, शेवटी एक अभ्यास. १२३२१ आणि १२३४५४३२१ यांपैकी एकच संख्या हर्षद आहे. कोणती, आणि दुसरी का नाही, हे कोणाला न विचारता शोधा.

जय भीम!